पेरमिलीच्या पुढचा रस्ता

१

सकाळचा चहा झाला की बापूराव भामरागडची गाडी काढायचे.

अंगात बनियन, खाली लुंगी, पाय अनवाणी. चंद्रपुरातल्या दोन खोल्यांच्या घरात पलंगाच्या कडेवर बसायचं, टेबलाला आवळलेलं प्लॅस्टिकचं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरायचं, लॅपटॉपच्या पडद्यावर लाल एसटी सुरू झाली की आधी डावीकडं, मग उजवीकडं मान वळवून बघायचं आणि गाडी आगाराबाहेर काढायची. उभी हयात त्यांनी एसटीच्या ड्रायव्हरकीत घालवली होती. निवृत्त झाल्यावर हात थरथरायला लागले, डोळ्यांचं ऑपरेशन झालं, खऱ्या गाडीला हात लावायची सोय उरली नाही. पण या खोट्या स्टिअरिंगवर हात ठेवले की थरथर थांबायची. शेजारपाजारचे लोक सुरुवातीला गंमत बघायला येत. पुढं त्यांनाही त्याची सवय झाली.

हा सगळा उद्योग त्यांच्या मुलाचा, प्रणितचा. प्रणित फ्लेक्सच्या दुकानात डिझाईन करायचा. म्हणजे सकाळी वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि दुपारी भावपूर्ण श्रद्धांजली. बस चालवायचा तो गेम कॉलेजपासून त्याचा जीव की प्राण होता. त्यात आपल्याला हवा तो रस्ता आपणच तयार करून टाकता येतो. पोरांनी पुण्या-मुंबईकडचे घाट केव्हाच टाकले होते. आपल्याकडचा रस्ता कुणी टाकला नव्हता, म्हणून प्रणितनं चंद्रपूर ते भामरागड करायला घेतलं. तो स्वतः आलापल्लीच्या पुढं कधी गेला नव्हता. बाबांनी सांगायचं आणि यानं टाकायचं, असं ते काम चाललं.

"इथी डाव्या हाताले बिजाचं झाड टाक. त्याची एक फांदी तुटून लोंबून राह्यली हाये."

"टाकलं बाबा."

"आन् इथी उतार हाये. जास्ती नाई, पण हाये."

सुरुवातीला बापूराव खूप चुका काढत. मग हळूहळू त्यांनी चुका काढणं बंद केलं. प्रणितला वाटलं, आपला रस्ता पास झाला. कोण अभिमान वाटला त्याला! बाबांच्या डोक्यातला खरा रस्ता पुसत चाललाय आणि तिथं आपला येऊन बसतोय, ही शंकाही त्याला शिवली नाही.

रस्ता पेरमिलीच्या थोडा पुढं जाऊन संपायचा. लग्नसराई आली, मग निवडणूक आली, फ्लेक्सवाल्याला जेवायला फुरसत नाही. पुढचं काम राहून गेलं. डांबर संपलं की पलीकडं नुसतं पांढरं. बापूराव तिथं गाडी वळवून परत आणायचे.

"पुढचं कवा टाकतो बे? लटारूकडं जायाचं हाये मले."

लटारू त्यांचा कंडक्टर. भामरागडची मुक्कामी गाडी दोघांनी मिळून वर्षानुवर्षं नेली. रात्री गाडीतच सीटवर झोपायचं आणि एका डब्यातलं दोघांनी खायचं. नोकरी संपल्यावर लटारू हेमलकशाच्या पुढं आपल्या गावी शेती करून राहिला. तो खाटेला खिळलाय आणि भाऊला, म्हणजे बापूरावांना, एकदा बघायचं म्हणतोय, असा निरोप पावसाळ्याच्या आधी आला होता. तिथं फोन लागायची मारामार, आणि लागला तरी लटारूला ऐकू येत नव्हतं. बापूरावांनी जायचा विषय दोन-तीनदा काढला. एकदा प्रणित हसत म्हणाला, "बाबा, रोज तर जाऊन येता घरबसल्या!" त्यानंतर बापूरावांनी विषय काढला नाही.

२

निघायला डिसेंबर उजाडला. पुलावरचं पाणी ओसरलं होतं, धानकापणी आटोपली होती, सांगायला सबब उरली नव्हती. प्रणितनं मालकाची जुनी कार मागून आणली. बापूरावांनी इस्त्रीचा खाकी शर्ट घातला, खिशाला पेन लावलं आणि सवयीनं ड्रायव्हरच्या दाराशी जाऊन उभे राहिले. मग स्वतःच हसले आणि पलीकडून जाऊन बसले.

आष्टीच्या पुढं ट्रकांची रांग लागली. लाल धुळीनं समोरची काच माखली. बापूराव मात्र अशा खुशीत होते की त्यांना धूळही गोड लागत असावी.

"गिअर टाक बे. इंजन रडून राह्यलं, तुले ऐकू येत नाई का?"

"टाकतो ना बाबा."

"खेळ करू करू गाडी चालवाले नाई येत."

जेवायला अहेरीला थांबले, प्रणितच्या मोठ्या बहिणीकडं. रंजीतानं सुक्या झिंग्यांची चटणी केली होती. बाबांना वाढताना ती गोड बोलत होती आणि प्रणितच्या ताटात मात्र भात आपटत होती.

"बाबा कवाचे म्हणून राह्यले, लटारूकाकाकडं जाऊ. आता सापडला का मुहूर्त तुले?"

"काम होतं ताई."

"कामं सगळ्याईलेच असतात."

प्रणितनं भात कालवायला घेतला. निघताना तिनं बाबांच्या गळ्याभोवती मफलर गुंडाळला, लटारूकाकांसाठी संत्र्यांची पिशवी दिली. "अंधार पडाच्या आत वापस येजा," ती म्हणाली, "तुमचा भात टाकतेच मी." बापूरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. एरवी ते असं काही करणारे नव्हते.

३

आलापल्ली मागं पडली आणि वर्दळ संपली. दोन्ही बाजूंना साग उभा होता. त्या दिवसांत सागाची पानं वाळून कडकडीत होतात, वाऱ्याची झुळूक आली तरी पत्र्यासारखी वाजतात. प्रणितनं काच खाली केली. वारा तोंडाला लागला. पानांचा आवाज आला नाही.

डाव्या हाताला बिजाचं झाड दिसलं. त्याची एक फांदी तुटून लोंबत होती.

"बाबा, हेच का ते?"

"हाव. हेच."

प्रणितनं गाडी उभी केली आणि खाली उतरून फोटो काढला. न बघितलेलं झाड आपण किती हुबेहूब केलंय! फांदी तशीच, बुंध्याचा बाक तसाच, सालीवरचा काळा डागसुद्धा तसाच. त्या डागापाशी त्याचं कौतुक अडखळलं. डागाचं बाबा काही बोलले नव्हते. झाड फार गुळगुळीत दिसत होतं म्हणून तो त्यानं दुकानातल्या एका जुन्या फोटोतून उचलून चिकटवला होता. असेल, झाडाच्या सालीला डाग असायचेच, असं म्हणून तो गाडीत बसला.

पुढच्या वळणावर पुन्हा बिजाचं झाड आलं. फांदी तुटलेली, डाग काळा.

प्रणितनं ते एकच झाड मन लावून केलं होतं. पुढं कंटाळा आला तसा तेच उचलून वळणावळणावर ठेवत गेला होता. जंगल आहे, कोण मोजतंय! आता तो स्वतःला समजावत होता: वादळानं फांद्या मोडतातच, एका जातीची झाडं सारखी दिसतातच. तिसऱ्या झाडाशी त्यानं गाडी हळू केली, मोबाईलमधला फोटो उघडून झाडाशेजारी धरला. फोटोतल्या झाडाच्या बेचक्यात एक वाळकं पान अडकलं होतं. समोरच्या झाडाच्या बेचक्यातही ते होतं, त्याच कलानं. त्यानं मोबाईल सीटवर पालथा घातला.

बापूराव समोर बघत होते. चेहरा अगदी समाधानी.

"रस्ता एकदम बराबर हाये," ते म्हणाले.

४

गाव आलं. सगळी घरं बंद होती. नुसती बंद नव्हती. दारं भिंतीवर रंगवल्यासारखी सपाट होती, कडीकोयंडा कशालाच नव्हता. रस्त्याकडेला हातपंप उभा होता. त्याला दांडा नव्हता.

गेममध्ये फुकट मिळालेल्या हातपंपाला दांडा नव्हता. प्रणितनं तो तसाच लावला होता. आणि माणसं? लॅपटॉप जुना, रस्त्यावर माणसं सोडली की अडकायचा. म्हणून त्यानं माणसं काढूनच टाकली होती, कुत्र्या-कोंबड्यांसकट.

"लोकं कुठी गेले बे?" बापूरावांनी विचारलं.

"वावरात असतील."

"कुत्रेही गेले का वावरात?"

परत फिरावं म्हणून प्रणितनं आरशात पाहिलं. मागं रस्ता होता. झाडं नव्हती. गाव नव्हतं. ते पुढं गेल्यावर मागचं सगळं कुणीतरी आवरून ठेवल्यासारखा नुसता डांबराचा पट्टा होता. त्यानं आरशातून नजर काढली ती पुन्हा तिकडं नेली नाही. पुढं निदान झाडं तरी होती. पुढंच जावं, असं त्यानं ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, दुसरं काही सुचलं नाही.

"आता हळू कर," बापूराव सावरून बसले. "दगडं येऊन राह्यले."

प्रणितनं वेग कमी केला.

त्या रस्त्यावर ऐनाच्या मोठ्या झाडाखाली जाणाऱ्या-येणाऱ्यांनी टाकलेल्या दगडांचा ढीग होता. गाडी कितीही लेट असो, तिथं थांबायची. इंजिन बंद करायचं आणि ड्रायव्हरनं स्टिअरिंगवरून हात खाली घ्यायचे. लटारू उतरून एक दगड आणि एक हिरवी डहाळी ढिगावर ठेवायचा, परत चढायचा आणि डबल बेल द्यायचा. मग गाडी हलायची. का, ते बापूरावांनी कधी सांगितलं नव्हतं. "तिथी थांबाचं असते," एवढंच म्हणायचे. ती जागा टाक, टाक म्हणून ते प्रणितच्या मागं लागले होते. पण गेममध्ये थांबा नसलेल्या ठिकाणी गाडी उभी केली की गुण कापले जातात. नंतर बघू, म्हणत प्रणितनं ती टाकलीच नाही.

"इथीच होतं." बापूराव काचेला चिकटून बघत होते. "थांबव. थांबव म्हनतो ना!"

प्रणित थांबला, उतरला. ऐन नव्हता, ढीग नव्हता. हिरवं सपाट गवत होतं, आणि त्याच्यात ठेवायला म्हणून एखादा खडा शोधावा तर खडासुद्धा नव्हता. तो परत येऊन बसला. बाबांचे हात मांडीवर थरथरायला लागले होते.

"कुठी गेलं रे?"

मी टाकलंच नाही बाबा, हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. तेवढं तो बोलला असता तर काय झालं असतं कोण जाणे. पण निदान त्या शेवटच्या दिवशी तो बाबांशी खोटं तरी बोलला नसता.

"रस्ता रुंद केला ना बाबा. हटवलं असन."



"ते कोनी हटवत नसते," बापूराव म्हणाले आणि समोर बघायला लागले.

५

पेरमिली अशीच गेली, बंद दारांची. मग थोडा उतार आला आणि उताराच्या टोकाला डांबर संपलं.

खड्डा नव्हता, बांधकाम नव्हतं. सुरीनं पाव कापावा तसा रस्ता सरळ कापला होता आणि त्याच्या पुढं पांढरं होतं. धुकं असतं तर ओलावा लागला असता, धूर असता तर वास आला असता. हे नुसतं पांढरं होतं, जवळ आहे की लांब तेही कळू नये असं. प्रणितनं ब्रेक दाबून धरला.

"बाबा, वळवतो मी. आपण उद्या येऊ."

रोज सकाळी बापूराव इथंच गाडी वळवायचे, एका शब्दानं कुरकुर न करता. आज त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

"लटारू वाट पाहून राह्यला असन."

"पुढं रस्ता नाई बाबा."

"रस्ता नसते असं कसं होईन? दिसत नाई म्हन." ते प्रणितकडं वळले. आवाज एकदम नेहमीचा झाला, खणखणीत, ड्रायव्हरचा. "पुरात पुलावर पानी चढलं का असंच होये. पूल हाये का नाई, समजत नसे. मंग लटारू उतरून पुढं चालत जाये. एक हात वर करून. मी त्याच्या मांगं मांगं गाडी घालो. आज त्याच्या जागी मी जातो. तू मांगून ये."

आणि त्यांनी दार उघडलं.

प्रणितनं आडवं होऊन त्यांचं मनगट पकडलं. घट्ट पकडलं होतं. पण तेवढ्यात त्याचा पाय ब्रेकवरून निसटला आणि गाडी उतारानं पुढं सरकायला लागली, पांढऱ्याच्या दिशेनं. त्यानं हात सोडला आणि हँडब्रेक ओढला.

मान वर केली तेव्हा बापूराव डांबराच्या पलीकडं होते. चप्पल पांढऱ्यावर ठेवत, पुलाचा अंदाज घेणाऱ्या माणसासारखे जपून चालले होते. उजवा हात वर. ये, ये. एकदाही मागं पाहिलं नाही. मफलर दिसत राहिला, मग हात दिसत राहिला. मग आतून कुठून तरी, दोरी ओढल्यावर वाजते तशी घंटी दोनदा वाजली.

गाडीचं इंजिन चालू होतं. मागून जायला गिअर टाकायचा तेवढा बाकी होता. प्रणितच्यानं तो टाकवला नाही.

६

भान आलं तेव्हा तो रस्त्यावर धावत होता. डांबर पायाखाली होतं, पुढंही होतं, लांबवर दिसत होतं. सागाची पानं कडाकडा वाजत होती. समोरून धानाची पोती लादलेला ट्रॅक्टर आला, त्यावर बसलेल्या बायांनी गाडीचं उघडं दार आणि ओरडत धावणारा हा माणूस बघून ट्रॅक्टर थांबवायला लावला.

नंतर पोलीस आले, जंगलखात्याची माणसं आली, आजूबाजूच्या गावांनी रान पालथं घातलं. कितीतरी दिवस शोध चालला. ढीगही सापडला, पेरमिलीच्या अलीकडंच, ऐनाखाली, सगळ्यांच्या रोजच्या ओळखीचा; फक्त बापूराव सापडले नाहीत. वय झालं होतं, विसरायला लागले होते, चुकले असतील, असं सगळे म्हणाले. प्रणितही तसंच म्हणायला लागला. तसं म्हणणं सोपं होतं.

रंजीतानं एकदाच विचारलं.

"तू हात सोडला कसा रे त्याईचा?"

"गाडी सरकून राह्यली होती ताई."

"तर सरकू द्याची होती." ती रडत नव्हती. "संग जाचं होतं."

७

गेम काढून टाकायचा म्हणून प्रणितनं एका रविवारी लॅपटॉप उघडला. काढायच्या आधी एकदा बघावं म्हणून गाडी काढली. आलापल्ली, झाडं, बंद दारं, उतार, डांबराचं टोक.

टोकाच्या पलीकडं, पांढऱ्यात, थोड्या अंतरावर कुणीतरी पाठमोरं उभं होतं. एक हात वर.

प्रणितनं या रस्त्यावर एकही माणूस टाकला नव्हता.

लॅपटॉप बंद करून तो दिवसभर बाहेर भटकला. दुसऱ्या दिवशी दुकानात गेला नाही. त्यानं डांबराचा एक तुकडा पुढं जोडला, दोन्ही बाजूंना साग लावला. गाडी तिथवर नेली. पाठ पुढं सरकली होती. नव्या डांबराच्या पलीकडं, तेवढ्याच अंतरावर, हात वर. म्हणजे आपण रस्ता टाकू तसे बाबा पुढं जाणार होते. आणि बाबा कुठं जायला निघाले होते, ते त्याला पुरतं ठाऊक होतं.

मग तो एकटाच खऱ्या रस्त्यानं लटारूकडं गेला. ऐनाखाली थांबला, इंजिन बंद केलं, एक दगड आणि एक डहाळी ठेवली. पुढं सगळं जसं असावं तसं होतं. गुरं आडवी आली, पोरांनी हात दाखवले. इतका जवळ होता लटारू.

लटारू खाटेवर उशाला टेकून दाराकडं तोंड करून पडला होता. सुनेनं, करिष्मानं, कानाशी ओरडून सांगितलं, "बापूरावभाऊचा पोरगा आला!"

"मालूम हाये," लटारू म्हणाला. "भाऊ कवाचा निघाला हाये. मी दरवाजा लावू देत नाई हिले."

प्रणित खाटेजवळ खाली बसला.

"पुरात मी पुढं चालत जावो ना," लटारू छताकडं बघत बोलत होता, "तवा मांगं पाहत नसो. कंबरेएवढ्या पान्यात मांगं पाह्यलं का पाय सुटते. भाऊ गाडी घेऊन मांगं हाये, हा भरोसा असे. त्या भरोशावरच पाय पडे." तो थांबला. मग मान वळवून त्यानं प्रणितकडं पाहिलं. "भाऊच्या मांगं कोन हाये रे आता?"

प्रणितनं उत्तर दिलं नाही. लटारूला ऐकू येत नाही म्हणून उत्तर दिलं नाही, असं त्यानं परतीच्या वाटेवर स्वतःला सांगितलं.

८

तो रोज बसायला लागला. आता तो झाडं उचलून ठेवत नव्हता. एकेक वेगळं करत होता, एकेक दार उघडं ठेवत होता. ऐन उभा केला, खाली ढीग केला. हातपंपाला दांडा लावला. माणसं टाकली, लॅपटॉप अडकला तर अडकला. हेमलकसा आलं, मागं पडलं. बाबा पुढं चालत राहिले, पाठमोरे.

लटारूच्या गावाआधीचं एक वळण राहिलं आणि प्रणितचा हात आखडला.

वळण टाकलं की बाबा पोचणार. पोचले की ते दिसायचे बंद होणार. त्या खाकी पाठीवरची एकेक चुणी आता त्याला पाठ झाली होती. गळ्यात मफलर होता. हात थरथरत नव्हता. सकाळी चहा घेऊन तो त्यांच्या मागं गाडी उभी करायचा आणि नुसता बसून राहायचा, कधी दुकानातलं काही सांगायचा, कधी ताईचं. वीतभर डांबर टाकायचा आणि संध्याकाळी पुन्हा काढून घ्यायचा. हिवाळा सरला, उन्हाळा लागला. एकदा संध्याकाळी डांबर काढून घेताना त्याला वाटलं, वर केलेला हात किंचित खाली आलाय. थकल्यासारखा. त्यानं पडदा पुसला आणि पुन्हा बघायचं टाळलं.

करिष्माचा फोन आला तेव्हा तो दुकानात होता. ती कुठल्याशा टेकडीवर चढून बोलत होती, आवाज तुटत होता.

"मामाजी गेले सकाळी."

"कसं काय? मी आलो होतो तवा तर..."

"पहाटेच उठून बसले. म्हणाले, भाऊ कवाचा हात वर करून उभा हाये, त्याच्या मांगं गाडी येऊन नाई राह्यली. मीच जातो त्याच्याकडं. एवढं बोलले आन् दरवाजाकडं पाहत राह्यले."

प्रणित घरी धावत आला. गाडी काढली, सगळा रस्ता कापत टोकापर्यंत नेली. पांढऱ्यात कुणी नव्हतं. त्यानं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला. मग तो ते राहिलेलं वळण टाकायला बसला. डांबर ओढलं, कडेला झाडं लावली, पलीकडं लटारूचं घर ठेवलं, घराचं दार सताड उघडं ठेवलं. गाडी वळणावरून थेट दारासमोर नेऊन उभी केली. रस्ता पुरा झाला होता. रस्त्यावर कुणी नव्हतं आणि घरातही कुणी नव्हतं.

वळण टाकायला बसताना त्यानं सवयीनं चहा करून कप शेजारी ठेवला होता. त्यानं कपाला हात लावला. चहा अजून गरम होता. एवढ्याशा वेळाचं काम होतं ते.